आमच्या गाडीचा एस

आमच्या गाडीचा एस गेला तो मंगळवार होता. परीक्षेला तीन आठवडे आणि एक दिवस उरला होता.

आमचे मास्तर रोजच्यासारखे सकाळी ओलं फडकं घेऊन गाडी पुसायला खाली गेले आणि पाच मिनिटांत परत वर आले. फडक्याची घडी मोडलेली नव्हती. बूट न काढता ते सरळ स्वयंपाकघरात आले. आमच्या सगळ्या संसारात हा माणूस बूट घालून घरात आलेला मी दोनदाच पाहिलाय. एकदा नदीला पूर आला तेव्हा, आणि एकदा त्या मंगळवारी. पुराच्या वेळी चेहरा जरा बरा होता.

"अगं," ते म्हणाले, "खाली चल. काही बोलू नकोस. फक्त बघ."

मी हातातला मुळा तसाच घेऊन खाली गेले. पार्किंगमध्ये आमची पांढरी गाडी उभी होती. मास्तर तिच्या मागे जाऊन ताठ उभे राहिले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मागच्या झाकणावर गाडीचं नाव चंदेरी इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असतं ना, त्यातलं पहिलं अक्षर नव्हतं. एस नव्हता. त्याच्या जागी एसच्या आकाराची स्वच्छ खूण आणि गोंदाचे दोन काळे ठिपके. बाकीची अक्षरं बिचारी रांगेत उभी होती, पुढारी पळून गेलेल्या मोर्च्यासारखी.

"कोणी केलं असेल?" मास्तर म्हणाले.

कशासाठी केलं असेल ते कोरियातल्या आमच्या देजॉन शहरात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. नोव्हेंबरातल्या त्या एका दिवसाच्या परीक्षेवर आमच्याकडे सगळं ठरतं. कॉलेज, नोकरी, लग्न, आणि मेल्यावर फोटो कुठल्या खोलीत लागणार तेसुद्धा. देशातल्या सगळ्यात मोठ्या विद्यापीठाचं नाव इंग्रजीत एसपासून सुरू होतं. आमच्या गाडीचंही एसपासून. तेव्हा त्या गाडीचा एस उपटून जवळ ठेवला की मूल त्या विद्यापीठात लागतं, अशी समजूत. नावाच्या शेवटी तीन उभ्या काड्या असायच्या. त्या मिळाल्या तर चारशेपैकी तीनशेच्या वर मार्क. हे पहिल्यांदा कोणाच्या डोक्यातून निघालं मला माहीत नाही. पण ऑक्टोबर लागला की त्या गाडीवाल्यांचं जेवणावरून लक्ष उडायचं.

मास्तरांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तेहतीस वर्षं रेल्वेत, शेवटची अकरा स्टेशनमास्तर. त्यांचा विश्वास फक्त वेळापत्रकावर. ही गाडी त्यांनी निवृत्त झाल्यावर घेतली, आणि सीटवरचं प्लास्टिक दोन वर्षं झाली तरी काढलं नव्हतं. उन्हाळ्यात उतरताना असा आवाज यायचा की वाटावं, आपली कातडी मागे राहिली.

आणि त्या वर्षी आमच्याकडे बोराम होती. आमची नात. तिचे आईवडील उल्सानला, माझा मुलगा तिथल्या जहाजाच्या कारखान्यात. शिकवणीसाठी ही आमच्याजवळ. परीक्षेची तिसरी वेळ. माझ्या मुलानं फोनवर सांगून टाकलं होतं, "आई, ही शेवटची. यंदा कुठेच लागली नाही तर तिला इकडे घेऊन येतो. कारखान्याच्या कँटीनमध्ये जागा बघून ठेवलीय." कँटीनच्या कामात वाईट काही नाही. पण पोरीनं भिंतीवर पुलांची चित्रं लावली होती. जगातले झाडून सगळे पूल. तिला पूल बांधायचे होते. जेवता जेवता ती चॉपस्टिकांचा पूल करायची आणि वाटीवरून वाटीवर वाटाणा चालवत न्यायची. अशा पोरीला ताटं विसळताना बघायची माझी छाती नव्हती.

मास्तर टोपी घालून पोलीस चौकीत गेले. मला साक्षीदार म्हणून नेलं, मुळ्यासकट.

"काय गेलं?" तरुण हवालदारानं विचारलं.

"एस."

"एस कोण?"

"अक्षर. इंग्रजी."

हवालदारानं पेन खाली ठेवलं. मग मास्तरांच्या टोपीकडे बघून परत उचललं. "वस्तूचा रंग?"

"चंदेरी."

"शेवटचं कुठे दिसलं होतं?"

"दुसऱ्या अक्षराच्या डावीकडे."

"कोणावर संशय?"

"या शहरातल्या परीक्षेला बसणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांवर," मास्तर म्हणाले. हवालदारानं तेही लिहून घेतलं. मग इकडेतिकडे बघून तो हळूच म्हणाला, "आजोबा, या महिन्यातले तुम्ही अठरावे. आमच्या साहेबांच्या गाडीचासुद्धा गेला. चौकीच्या दारातून. आम्ही सगळे इथेच बसलो होतो."

"मग तपासाचं काय?"

"परीक्षा झाली की काही काही परत येतात. पोरं पत्रपेटीत टाकून जातात. जरा धीर धरा."

घरी येईपर्यंत मास्तर माझ्या चार पावलं पुढे चालत होते. अकरा वर्षं त्यांच्या स्टेशनातून एक छत्री हरवली नव्हती, आणि सरकार म्हणतं धीर धरा!

मग ते सोसायटीच्या चेअरमनकडे गेले. मेंगसाहेब आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांची गाडी आमच्यासारखीच, फक्त काळी. मुलगा जिनग्यू बोरामच्याच वर्षाचा, तोही परीक्षेला. मेंगसाहेबांना बोलायला आवडतं, आणि आमच्याकडे प्रत्येक घराच्या भिंतीत सोसायटीचा एक कर्णा बसवलेला असतो, तो बंद करता येत नाही. संध्याकाळी कर्णा खाकरला.

"निवेदन. एकशे सात नंबरच्या इमारतीतल्या प्योसाहेबांच्या गाडीचा एस चोरीला गेला आहे. ज्यांचे एस अजून शाबूत आहेत त्यांनी दक्षता घ्यावी. अशा गाड्या पुढीलप्रमाणे." आणि त्या शहाण्या माणसानं अकरा गाड्यांचे नंबर आणि त्या कुठे उभ्या असतात ते सगळं वाचून दाखवलं. सावकाश. दोनदा.

तीन दिवसांत अकरातले दहा गेले. राहिला एकच, खुद्द मेंगसाहेबांचा, कारण त्यांची गाडी पहारेकरी बांगभाऊंच्या खिडकीसमोर उभी असायची. मेंगसाहेब लिफ्टमध्ये भेटले की नुसते मान डोलवायचे, जसं काही दक्षता म्हणजे काय ते बघा. आमच्या मास्तरांना लिफ्ट वर्ज्य झाली. नऊ मजले जिन्यानं.

सुट्या भागांच्या दुकानात गेलो तर दुकानदारानं आम्ही तोंड उघडायच्या आधीच हात जोडले. "एस नाही. पुढच्या महिन्यात या."

"बाकी अक्षरं आहेत?"

त्यानं काउंटरखालून एक टब ओढला. भाजी धुवायचा केवढा मोठा टब, आणि काठोकाठ अक्षरं. "पूर्ण नाव विकत घेतात, एस काढून घेतात, बाकीचं इथेच टाकून जातात," तो म्हणाला. "मूठभर न्या हवं तर. जागा तरी होईल."

मास्तरांनी त्या टबाकडे बराच वेळ पाहिलं. स्टेशनवर शेवटची गाडी चुकलेल्या प्रवाशांकडे बघायचे तसं. मग म्हणाले, "चल."

शेवटी भंगारवाल्याकडे एक एस सापडला. सोनेरी, आमच्यापेक्षा दीडपट मोठा, आणि बहुतेक गाडीचा नव्हेच, एखाद्या नाचघराच्या पाटीवरचा. पण एस होता. मास्तरांनी पट्टी लावून, पेन्सिलीनं रेघ मारून, पाणसळ धरून तो बरोब्बर जागेवर बसवला. गोंद असा घेतला होता की डबीवर हत्तीचं चित्र. "आता कोणाची टाप नाही," ते म्हणाले आणि अंगठ्यानं दाबून धरलं. डबीवर लिहिलं होतं दहा मिनिटं. मास्तरांनी पंधरा धरलं. आणि मग अंगठा निघेना.

काय सांगू, पावणेदोन तास आमचे मास्तर अंगठ्यानं गाडीला चिकटून उभे होते. पण मान खाली नाही घातली. येणारेजाणारे नमस्कार करायचे, हे दुसऱ्या हातानं टोपी उचलायचे, जसं काही गाडीला टेकून उभं राहणं हा निवृत्तीनंतरचा छंदच आहे. जिनग्यूची आई भाजी घेऊन येत होती, ती म्हणाली, "वा आजोबा, सोनेरी! मोठी गाडी घेतली वाटतं?" बांगभाऊंनी वाटीत शेवया आणून दिल्या, त्या त्यांनी डाव्या हातानं खाल्ल्या. एकही सांडली नाही.

शेवटी मी किटलीभर कोमट पाणी आणलं आणि रजई शिवायचा जाड दोरा. पाणी ओतत राहिले आणि दोरा अंगठा आणि गाडी यांच्यामधून करवतीसारखा ओढला. अंगठा सुटला. मास्तर म्हणाले, "ही युक्ती कोणाला सांगू नकोस." मी म्हटलं, "छे."

युक्ती मात्र माझ्या डोक्यात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी आमच्या तीन काड्या गेल्या. सोनेरी एसला कोणी हात लावला नाही. आता गाडीच्या ढुंगणावर नाचघराचं डोकं, मधे चार-पाच कळकट अक्षरं आणि शेपूट गायब. मास्तरांनी तक्रार केली नाही. फक्त त्या दिवसापासून गाडी भिंतीला पाठ लावून उभी करायला लागले.

ते कोबीचं तिखट लोणचं, किमची, घालायचे दिवस होते. खाली चटया टाकून आम्ही सगळ्या बायका कोबी पसरून बसायचो आणि कोपरापर्यंत तिखट लावून जगातले प्रश्न सोडवायचो. तेव्हा जिनग्यूची आई मला म्हणाली, "आजी, तुमचा सोनेरी एस बोरामला द्यायचा नाही हं. विकतचा चालत नाही."

"आणि आपल्याच गाडीचा?"

"तोही नाही. दुसऱ्याचाच हवा. न विचारता घेतलेला. त्याशिवाय लागू पडत नाही." ती पानावर तिखट चोळत म्हणाली. "आमचा आहे ना शाबूत, पण जिनग्यूला काय उपयोग? मी नुसती राखण करतेय. दिसला की पोराला बरं वाटतं. रोज शिकवणीला जाताना हात लावून जातो."

मी पुढचा कोबी ओढला. बोलून उपयोग नव्हता. तशीही सोसायटीत माझ्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. मी एकदा सांगितलं होतं की माझ्या आजीनं वाघाला किमचीच्या रांजणात कोंडलं होतं, तेव्हापासून. ती गोष्ट खरी आहे. फक्त वाघ नव्हता, मांजर होतं. पण रांजण खरा.

त्या संध्याकाळी बोरामनं जेवताना चॉपस्टिकांचा पूल केला नाही. वाटाणे तसेच राहिले. "आजी," ती म्हणाली, "कँटीनमध्ये गरम पाणी असतं का गं ताटं धुवायला?"

"असं का विचारतेस?"

"सहज."

मला ते 'सहज' सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, मुलं शिकवणीला आणि पुरुषमंडळी कामावर गेलेली, मी परातीत दोन कोबी, त्यांच्याखाली दोऱ्याचं रीळ आणि हातात किटली घेऊन खाली उतरले आणि मेंगसाहेबांच्या काळ्या गाडीमागे जाऊन बसले. समोरच्या खिडकीत बांगभाऊ होते.

"काय करताय, वहिनी?"

"कबुतरानं घाण केलीय. धुते."

"कबुतर दिसत नाही."

"गेलं."

ते बाहेर आले. मी पाणी ओतलं, दोरा घातला. घाम फुटला होता. बांगभाऊंनी हात मागे बांधले, थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "खालून वर नको, वहिनी. आडवा ओढा. बाकीचे सगळे आडवा ओढायचे."

"बाकीचे? तुम्ही बघत होतात?"

"मग? अकरा जण आले. बाहेरच्या माणसांना आत सोडायचं नाही हे माझं काम. ही तर सगळी आपलीच होती. पहिली तर..." आणि ते खोकले.

"पहिली कोण?"

"पाणी थंड होतंय, वहिनी."

"मग मेंगसाहेबांच्या गाडीला कोणी हात कसा नाही लावला?"

"लोकांना वाटतं मी पहारा देतो," बांगभाऊ म्हणाले आणि आत जाऊन बसले.

एस टपकन माझ्या तळहातावर पडला. खरं सांगते, मी तीन मुलं जन्माला घातली, पण असा आनंद फक्त दोघांच्या वेळी झाला होता.

संध्याकाळी कर्णा खाकरला. "निवेदन," मेंगसाहेब म्हणाले. मग बराच वेळ काहीच नाही. नुसता श्वास. मग, "काही नाही," आणि कर्णा बंद झाला. त्या सोसायटीत आम्ही नऊ वर्षं राहतोय. मेंगसाहेब दोन शब्दांत थांबल्याचं तेवढं एकदाच.

परीक्षेच्या आदल्या दिवशी जिनग्यूची आई बोरामसाठी चिकट भाताचे लाडू घेऊन आली. परीक्षेला बसणाऱ्या मुलांना ते देतातच, मूल कॉलेजला चिकटावं म्हणून. तिचे डोळे सुजले होते. "पोरगा दोन दिवस जेवला नाही," ती म्हणाली. "मी म्हटलं, अरे लोखंडाचा तुकडा तो. म्हणतो, आई, मला माहीत आहे, पण हात सवयीनं तिथेच जातो."

"सापडेल," मी म्हटलं.

"नको आता. कोणाच्या तरी पोराचं भलं होईल त्यानं." लाडवाचा डबा माझ्या हातात देऊन ती गेली. लाडू चांगले होते. मी एक अर्धा खाऊन परत डब्यात ठेवला.

तरी मी तो एस धुऊन, पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून बोरामच्या डब्यात तळाला ठेवला आणि वर भात दाबला. हे मी केलं. लपवत नाही.

परीक्षेच्या दिवशी सकाळी समुद्री शेवाळाचं सूप सोडून बाकी सगळं केलं. त्या बुळबुळीत सुपावरून पोरं परीक्षेत घसरतात म्हणे. खाली गेलो तर मागच्या झाकणावरचा सोनेरी एसही गेलेला. मी मास्तरांकडे पाहिलं. आता चौकी, कर्णा, सगळं परत होणार. मास्तर म्हणाले, "हं. चला, उशीर होतोय." एवढंच. मला नवल वाटलं. आणि सकाळी पाहिलं तेव्हा दोऱ्याचं रीळ बारीक झाल्यासारखं वाटलं होतं, तेही आठवलं. पण म्हटलं, मीच जास्त वापरला असेल.

त्या दिवशी ऑफिसं उशिरा उघडतात, रस्ते मोकळे. पोरांना ऐकण्याचा पेपर असतो तेव्हा आभाळात विमानसुद्धा फिरकू देत नाहीत. अशा रस्त्यावरही मास्तरांनी ताशी चाळीस सोडलं नाही. मागे प्लास्टिकच्या सीटवर बोराम मांडीवर उशी आणि उशीवर डबा घेऊन बसली होती. बाकड्यावर टाकायची उशी. चेहरा पांढराफटक.

मुलींचं केंद्र आणि मुलांचं केंद्र समोरासमोर, मधे रस्ता. दोन्हीकडे ढोल, घोषणा, फाटकाला डोकं टेकून उभ्या असलेल्या आया. आम्ही फाटकाशी आलो आणि बोराम थांबली.

"आजी, आजोबा, एक सांगायचंय. नाही सांगितलं तर मला आत काही आठवणार नाही." तिनं कंपासपेटी उघडली. आत आमचा चंदेरी एस. पहिला. "मीच घेतला होता. दुसऱ्याच्या गाडीचा काढायचा धीर झाला नाही. आपला चालत नाही ते माहीत होतं. पण तेवढाच मला घेता येत होता."

मास्तरांनी टोपी काढली. परत घातली. मग म्हणाले, "उशीचा डावा कोपरा चाचपून बघ."

बोरामनं चाचपला. टाके रेल्वेच्या पोत्यांना घालतात तसे होते. मी बघताक्षणी ओळखले. आत सोनेरी एस.

"तुम्ही, आजोबा?"

"माझा विश्वास नाही," मास्तर रस्त्याकडे बघत म्हणाले. "पण वेळापत्रकातसुद्धा दोन मिनिटं जास्तीची ठेवतात."

"अहो, पण विकतचा चालत नाही," मी म्हटलं.

"भंगारवाल्यानं पैसे घेतले नव्हते."

आता दोघं माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं काहीतरी गोष्ट सांगावी. वाघाची आठवलीही. पण फाटक बंद व्हायला बारा मिनिटं होती. मी म्हटलं, "डब्याच्या तळाला बघ. भाताखाली."

बोरामनं फाटकाजवळच्या कट्ट्यावर डबा ठेवला, चमच्यानं भात बाजूला केला. "हा कोणाचा?"

मी रस्त्यापलीकडे पाहिलं. तिनंही पाहिलं. समोरच्या फाटकाशी जिनग्यू उभा होता, मान खाली, आणि त्याची आई त्याचे हात चोळत होती. तो उजवा हात सारखा उघडझाप करत होता.

"आजी," बोराम म्हणाली. आवाज चढवला नाही. "नेऊन दे. याच्यासकट मी आत जाऊ शकत नाही. प्रत्येक प्रश्नात मला तोच दिसेल."

"अगं, तुझी शेवटची वेळ आहे. उद्या तुझा बाप..."

"म्हणूनच. जा ना, आजी."

या वयात मी रस्ता असा ओलांडला की दोन पोलीस मोटारसायकली थांबल्या. समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "जिनग्यूच्या आई, तुमचा एस मी घेतला."

ती रडत होती. म्हणाली, "आजी, आत्ता नको. गोष्टी नंतर सांगा."

"गोष्ट नाही. खरंच मी घेतला. किटली आणि दोरा. बांगभाऊंना विचारा."

"हो आजी, आणि वाघानं दोरा धरला होता."

बघा. आयुष्यात एकदा खरं बोलायला गेले तर ही गत. शेवटी मी मूठ उघडली. प्लास्टिक फाटलं होतं. एसच्या पोटात भात अडकलेला, वर दोन तीळ. जिनग्यूनं पाहिलं. बोटानं भात पुसला आणि एस मुठीत धरला. हाताची उघडझाप थांबली.

त्याच्या आईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. आता ही सगळ्या रस्त्यासमोर काय बोलेल ते बोलू दे, म्हटलं, माझं वय झालंय, कान तसेही कमी ऐकतात. पण तिनं जिनग्यूच्या कोटाचं अस्तर धरलं, टर्रकन उसवलं आणि आतून आमच्या तीन काड्या काढल्या.

"आजी, या तुमच्या," ती म्हणाली. "तुम्ही आजोबांना जेवायला वाढत होतात तेव्हा."

मग आम्ही दोघी एकमेकींना नमस्कार करायला वाकलो. दोघींनाही खूप खालपर्यंत वाकायचं होतं. कपाळं अशी आपटली की मला क्षणभर आभाळात विमान दिसलं, आणि त्या दिवशी तर विमानं बंद होती. जिनग्यू हसला. एस त्यानं आईच्या हातात दिला. म्हणाला, "घरी जाऊन लाव. परत येताना हात लावीन." आणि आत गेला.

मी काड्या घेऊन धावत परत आले तोवर फाटक बंद होत होतं. बोराम आत पोचली होती. मी काड्या उंच धरल्या. तिनं दोन्ही हात वर करून दाखवले. रिकामे. उशी मात्र काखेत होती, कोपरा उसवलेला.

"चंदेरी आणि सोनेरी, दोन्ही माझ्याकडे देऊन गेली," मास्तर म्हणाले. "म्हणाली, एवढं घेऊन गेले तर बाकड्यावर मला जागा उरणार नाही." आणि त्यांनी कोटाच्या आतून हिरवं निशाण काढलं. निवृत्त होताना परत करायला हवं होतं ते. पोरगी जिन्यापर्यंत जाईस्तोवर ते धरून उभे राहिले. निशाण फडफडत होतं. वारा होता त्या दिवशी.

डिसेंबरात निकाल लागला. बोरामला तीनशेला चार कमी. मोठ्या विद्यापीठात नाही लागली. आमच्याच गावच्या विद्यापीठात लागली, पूल बांधायच्या शाखेला. तिच्या बापानं फोनवरच जोरात नाक शिंकरलं. त्या रात्रीच्या जेवणात वाटाणे पाच वाट्या ओलांडून गेले. जिनग्यूला तीनशे चार मिळाले. ते वरचे चार आमच्या काड्यांचे होते, एवढे दिवस अस्तरात राहून त्याला लागले, हे माझं मत अजून कायम आहे. त्याच्या आईला मी ते दरवर्षी किमची घालताना सांगते. ती म्हणते, "आजी, वाघ पण होता का परीक्षेला?"

मास्तरांनी चंदेरी एस आणि तीन काड्या परत जागेवर लावल्या. पट्टी, पेन्सिल, पाणसळ, सगळं तसंच. फक्त हत्तीचा गोंद नाही. भाताची खळ. मी म्हटलं, "अहो, ही दोन दिवसांत सुटेल." ते म्हणाले, "सुटू दे."

तेव्हापासून दर ऑक्टोबरला आमची गाडी भिंतीकडे तोंड आणि रस्त्याकडे पाठ करून उभी असते. मागच्या काचेला दोऱ्याचं रीळ टांगलेलं. किटली बांगभाऊंच्या खिडकीत, पाणी कोमट. एस गेला की परीक्षेनंतर बहुतेक वेळा तोच परत येतो, पत्रपेटीत, कधी लाडवासकट. नाही आला तर दुकानदार आता मास्तरांसाठी वर्षभर बाजूला काढून ठेवतो. एका बाईंनी घाबरून दाराची मूठच नेली होती, तीसुद्धा परत आली.

आणि कोणी आई-आजी परात घेऊन गाडीमागे बसलेली दिसली की मास्तर खाली जातात. टोपी घालून, निशाण काखेत, चार पावलांवर उभे राहतात, तिच्याकडे पाठ करून. तेहतीस वर्षं आगगाडी सुटताना तिच्याकडे तोंड करून उभा राहिलेला माणूस.

परवा थंडी होती. मी खिडकीतून ओरडले, "अहो, मागे वळून बघा तरी! ती बाई केव्हाच गेली असेल."

"बघितलं की दिल्यासारखं होतं," ते खालून म्हणाले. "दिलेला चालत नाही."

विश्वास त्यांचा अजूनही नाही.